मुराळी आला तर पोरगी धाडता का?

मला रागीट बाई म्हणतात. जिंतूरच्या ज्या ट्रस्टच्या दवाखान्यात रेकॉर्ड आणि संगणक विभाग सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तिथल्या नर्सा माझ्या पाठीमागं काय म्हणायच्या तेही मला ठाऊक आहे. पण दिवाळी अंकात ते छापता यायचं नाही. रागीट तर रागीट. ज्या कामात येणारा प्रत्येक माणूस ‘म्याडम, तेवढं जरा करून घ्या ना’ म्हणतो, त्या कामात गोड बोलून टिकलेली एक बाई मला दाखवा, मी तिची ओटी भरते.

काम साधं होतं. पेशंटची माहिती जपायची. कुणाला साखर आहे, कुणाचं कसलं ऑपरेशन झालंय, कुणाला कुठलं औषध सोसत नाही. आधी फायली होत्या, मग संगणक आले. एक्स-रेच्या शेजारी एक कोंदट खोली होती, तिथं पूर्वी सलाइनचे खोके रचायचे. त्या खोलीत आमचा सर्व्हर बसवला. सर्व्हर म्हणजे थोरला संगणक. सगळी माहिती त्याच्या पोटात आणि बाकीचे संगणक त्याच्याकडं मागून घेणार. जिंतूरचा मुख्य दवाखाना आणि येलदरी, चारठाणा, देवगाव फाटा इथली लहान केंद्रं, या सगळ्यांचा जीव त्या एका खोलीत. उन्हाळ्यात मी भांडून तिथं कूलर लावून घेतला तेव्हा बिलाच्या काउंटरवरचा कारकून म्हणाला, ‘‘माणसाला पंखा न्हाई अन् डब्याला कूलर!’’ मी म्हटलं, ‘‘तुम्हाला घाम आला तर रुमाल आहे. त्याला आला तर माझ्यावर डोक्याला हात लावायची पाळी येते.’’

आता मुक्ताबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू झालं.

मुक्ता येलदरीजवळच्या एका वस्तीवरची. नवरा धरणात मासे धरतो, पण दिवाळी झाली की दोघंही कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला निघतात, पार कृष्णेच्या पट्ट्यात. तिचा रक्तगट निगेटिव्ह. पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. अशा बाईला त्या वेळी एक इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या लेकराच्या जिवाला धोका होऊ शकतो. दुसऱ्या खेपेला ती सातव्या महिन्यात तोडीवर गेली. जाऊ नको म्हणून येलदरीच्या शेवंता सिस्टरनं तिला बजावलं होतं. पण मुकादमानं आगाऊ पैशांची उचल दिलेली असली की सिस्टरचं कोण ऐकतं? तिकडं फडातच तिचं पोट दुखायला लागलं. कारखान्याजवळच्या एका लहान दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं आम्हाला फोन केला. मागच्या वेळी ते इंजेक्शन दिलं होतं का, एवढंच तिला हवं होतं. तिथल्या तिथं रक्त बघून ते सांगता येत नव्हतं.

आणि आमच्या भागाची डीपी जळालेली. लाइट नव्हती, बॅटरी बसली होती, जनरेटरला डिझेल नव्हतं. मी कानाला फोन लावून काळ्या पडद्यासमोर बसले होते. डॉक्टरीण म्हणत होती, ‘‘मॅडम, फक्त हो की नाही सांगा.’’ मला सांगता आलं नाही. तो संताप माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

त्यांनी तिला ट्रॅक्टरमधून मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. बाळंतपण झालं, मुलगी जगली, पण कावीळ होऊन कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. हंगाम संपल्यावर लेक काखेत घेऊन मुक्ता माझ्या खिडकीपुढं उभी राहिली.

‘‘आक्का, मी तिकडं मरायले अन् माझं समदं लिव्हलेलं तुमच्या कपाटात. कामून लिव्हता मंग?’’

तिला बाकावर बसवलं. मी सरळ जिना चढून मोठ्या डॉक्टरांकडं गेले. मोठे डॉक्टर म्हणजे आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष. मी म्हटलं, ‘‘आपली माणसं अर्धं वर्ष जिल्ह्याबाहेर असतात आणि त्यांची माहिती सलाइनच्या खोलीत कोंडलेली असते. हे आता बंद करायचं.’’ ते म्हणाले, ‘‘म्हणजे क्लाउड घ्यायचा म्हणता?’’

क्लाउड या शब्दानं लोक फार बिचकतात. माझी मोठी जाऊ अजूनही वर आभाळाकडं बघून विचारते, तुझं ते ढगातलं काम कसं चाललंय. ढगबिग काही नसतं हो. मुंबईकडं नाहीतर हैदराबादकडं एखादी पक्की, गार, पहाऱ्यातली इमारत असते. तिथं हजारो संगणक रात्रंदिवस चालतात. त्यातली जागा आपण भाड्यानं घ्यायची, आपली माहिती तिथं ठेवायची आणि इंटरनेटच्या वाटेनं कुठूनही उघडायची. जिंतूरची डीपी जळाली तरी कृष्णाकाठच्या डॉक्टरणीला, पेशंटनं हो म्हटलं की, आमच्या पेशंटचं पान दिसतं. इतकं सोपं आहे. अवघड आहे ते घर निवडणं.

संस्था हे घर कसं निवडतात ते मी जवळून बघितलंय. तीन ठिकाणची दरपत्रकं मागवतात. तिन्ही कंपन्यांची मुलं येऊन भिंतीवर चित्रं दाखवतात. विश्वस्त मंडळी समोसे खातात. कुणीतरी ‘हे हॅक होत नाही ना?’ विचारतं, समोरचा ‘अजिबात नाही सर’ म्हणतो आणि सगळ्यांचं समाधान होतं. मग भाव पाडतात. दुसऱ्याच्या घरात आपली अख्खी गिरस्ती ठेवायला निघालेली ही माणसं, पण त्या घराचं दार आतून उघडतं का हे कुणी बघत नाही.

पहिला आला तो पुण्याचा टायवाला. मुलगा वाईट नव्हता, उगाच नावं ठेवत नाही. त्याचा पडदा इतका देखणा की आमच्या नर्सा ‘अय्या’ म्हणाल्या. रंगीत चौकोन, पेशंटचा फोटो, बोट लावलं की सगळं पुढं. आमचे एक विश्वस्त वकील होते. त्यांनी हा मुलगा संभाजीनगरच्या एका हॉटेलातल्या कार्यक्रमात आधीच पसंत करून ठेवला होता. वकीलसाहेब म्हणाले, ‘‘घेऊन टाका. यात विचार काय करायचा?’’

मी म्हटलं, ‘‘आधी येलदरीला नेऊन आणते.’’

टायवाल्याला जीपमध्ये घालून येलदरीच्या केंद्रात नेलं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, बाहेर पत्र्याचं शेड. त्यानं लॅपटॉप उघडून स्वतःचा मोबाइल जोडायला काढला. मी तो काढून घेतला आणि केंद्राचं इंटरनेट जोडायला लावलं. पडद्यावरचं चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. बाकावर मासळीची पाटी शेजारी ठेवून एक म्हातारी बसली होती. तिची नोंद करायची होती. बऱ्याच वेळानं म्हातारी म्हणाली, ‘‘लेकरा, तुझं व्हस्तोर माझे मासे नासतेत की रं.’’ टायवाल्यानं गळ्याशी हात नेऊन टाय सैल केला. शेवंता सिस्टर तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या.

नेट नसलं की काय, माहिती देशातच राहते का, तुमच्याकडचा कोणता माणूस ती उघडून बघू शकतो, बिघडलं तर फोन कोण उचलतो, हे सगळं मी विचारलं आणि प्रत्येक संस्थेनं विचारावंच. पण माझा खरा प्रश्न वेगळा होता. तो मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. तो माझ्या गंगाआत्यानं दिलेला आहे.

आमच्या घरात देवपूजेइतकंच दुकानालाही महत्त्व. वडिलांचं बाजारात किराण्याचं दुकान, आणि आत्या त्यांची थोरली बहीण. माझं लग्न ठरत होतं तेव्हा घरातले सगळे मुलाचं शिक्षण आणि शेती बघत होते. आत्यानं पानाला चुना लावता लावता विचारलं, ‘‘त्यांच्या घरच्या सुना पंचमीला माहेरी जातेत का?’’ आमच्याकडं सासुरवाशिणीला माहेरी आणायला भाऊ नाहीतर चुलता जातो, त्याला मुराळी म्हणतात. आत्या म्हणायची, ‘‘सून गोड बोलती, सासू गोड बोलती, त्यानं काय बी कळत न्हाई. मुराळी दारात हुबा ऱ्हायला की घर कळतं. एक घर म्हणतं, जा बाई, चार दिस ऱ्हाऊन ये. दुसरं म्हणतं, आत्ता कशाला, कापूस वेचायचाय. अन् तिसरं धाडतं, पण अंगावरचं डोरलं सुद्धा काढून ठिवतं.’’

मी तेच केलं. अट घातली की कायमचं ठरायच्या आधी आमची माहिती तुमच्या घरी काही दिवस नांदेल आणि मग आमचा मुराळी येईल. जे दिलं ते सगळं, दुसऱ्या कुठल्याही घरात नांदवता येईल अशा रूपात परत द्यायचं. चाचणीसाठी खऱ्या पेशंटची नावं दिली नाहीत. नावं, आजार सगळं बनावट घातलं, फक्त घडण खरी ठेवली. अटीचा कागद वाचून एका बड्या कंपनीनं उत्तरच दिलं नाही. उरले टायवाला आणि एक नागपूरकर.

नागपूरकराचा पडदा काय वर्णावा! चहा सांडल्यासारखा रंग, मुंगीएवढी अक्षरं. नर्सांनी नाकं मुरडली. आजही मुरडतात आणि त्याबद्दल मला थोडं वाईटही वाटतं. पण येलदरीच्या मरतुकड्या इंटरनेटवर तो चालला. तार तुटली तरी लिहिलेलं धरून ठेवायचा आणि जोडणी आली की पाठवून द्यायचा.

ठरल्या दिवशी मुराळी म्हणून मी दोघांना फोन केले. नागपूरकर म्हणाला, ‘‘पाठवून देतो ना ताई. काही राह्यलं असन तं सांगजा.’’ आलं ते सगळं जसंच्या तसं. आमच्या जुन्या डब्यात घातलं तर तिथंही बोलायला लागलं.

टायवाल्याकडं आज साहेब रजेवर, उद्या सिस्टीम अपडेट चाललीय. कापूस वेचायचाय म्हणायचं तेवढं राहिलं. शेवटी एक हार्डडिस्क आली. उघडून बघते तर पानांचे नुसते फोटो. कोणतं पान कुणाचं याची खूण नाही, आणि एक्स-रे तर वेगळ्याच ढिगात, नावाशिवाय. मी फोन केला तर तो फार अदबीनं म्हणाला, ‘‘मॅडम, डेटा तुमचाच आहे. त्याची रचना मात्र आमची आहे.’’

‘‘म्हणजे पोरगी आमची आणि जीभ तुमची?’’ मी म्हटलं.

विश्वस्तांच्या बैठकीत वकीलसाहेब हसले. ‘‘आपण नांदायला निघालोय की सोडायला? लग्नाआधी काडीमोडाचं बोलणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय.’’

मी म्हटलं, ‘‘वकीलसाहेब, तुमच्या ऑफिसात ज्या बाया रडत येतात, त्यांच्यासाठी लग्नाआधी कुणी हे बोललं असतं, तर तुमची वकिली चालली नसती.’’

मंडळी हसली, आणि तिथंच माझं वैर पक्कं झालं. बहुमत टायवाल्याच्या बाजूनं होतं. पण निविदा पुढं जायला ‘तांत्रिकदृष्ट्या योग्य’ असं लिहून विभागप्रमुखाची सही लागायची. विभागप्रमुख मी. मी सही करणार नाही म्हणून सांगितलं.

माझी साठी जवळ आली होती. नोकरीच्या मुदतवाढीचा अर्ज वकीलसाहेबांच्या समितीकडं पडलेला होता आणि मला ती मुदतवाढ हवी होती, खोटं कशाला बोलू? त्यांनी मला व्हरांड्यात गाठून आठवणही करून दिली. मोठे डॉक्टर वेगळ्या सुरात बोलले. त्यांच्याशी भांडणं मला जड जायचं. ते म्हणाले, ‘‘बाई, दिवाळीनंतर टोळ्या निघतील. तुमच्या हट्टापायी पुन्हा एखादी मुक्ता अडकली तर?’’

हा सवाल खरा होता, म्हणूनच झोंबला. मी ती हार्डडिस्क त्यांच्या टेबलावर ठेवली. ‘‘डॉक्टरसाहेब, मी यात बनावट मुक्ता घातलीय. रक्तगट निगेटिव्ह, पहिलं लेकरू गेलेलं. तिला इंजेक्शन दिलं होतं का, एवढंच यातून सांगा. उद्या ही कंपनी बुडाली, नाहीतर आपलं त्यांच्याशी बिनसलं, तर आपल्या हातात हेच येणार आहे. सांगता आलं तर मी आत्ता सही करते.’’ ते बराच वेळ पानं सरकवत बसले. मग चष्मा काढून म्हणाले, ‘‘विषय पुढच्या बैठकीला ठेवू.’’

पुढची बैठक व्हायला शिमगा उजाडला. तोवर टोळ्या निघून गेल्या होत्या. त्या हंगामात आमचा क्लाउड म्हणजे मी. जाणाऱ्या प्रत्येक बाईला माझा मोबाइल नंबर पाठ करायला लावला आणि फोन आला की खुर्ची सोडायची नाही असं ठरवलं. बरेच फोन आले, बहुतेकांना उत्तर देता आलं. लाइट नसताना आलेल्यांना देता आलं नाही. त्या बायांचं पुढं काय झालं ते मला कळलेलं नाही. माझा हट्ट बरोबर होता असं मी आजही छातीठोक सांगते, पण त्याची झळ त्यांनी सोसली हेही सांगते.

शिमग्यानंतर मोठ्या डॉक्टरांनी आपलं मत नागपूरकराच्या बाजूला टाकलं आणि बाकीचे त्यांच्या मागं गेले. पावसाळाभर आम्ही सगळी माहिती नव्या घरी हलवली.

दिवाळीआधी येलदरीच्या केंद्रात मी तोडीवर जाणाऱ्या बायांना बोलावलं. आता कुठंही गेलात तरी तुमची माहिती तिकडं उघडेल, असं सांगत होते. लय शहाणपणा आला होता मला त्या दिवशी. मुराळ्याची गोष्ट रंगवून सांगितली, टायवाल्याची नक्कल करून दाखवली. बाया हसून बेजार झाल्या. मुक्ता पुढंच बसली होती, लेक मांडीवर आणि पुन्हा दिवस गेलेले. ती हसत नव्हती.

‘‘आक्का, एक विचारू का? ते नागपूरवाले तुमची पोरगी धाडतेत, बेस झालं. पर ही पोरगी कुणाची हाय?’’

‘‘कुणाची म्हणजे?’’

‘‘रक्त माझं. मेलेलं लेकरू माझं. म्या माझा मुराळी तुमच्या दारी धाडला, तर तुमी धाडता का?’’

बाया माझ्याकडं बघायला लागल्या. आमच्या दवाखान्याचा नियम होता, पेशंटच्या हातात रेकॉर्ड द्यायचं नाही. डिस्चार्जचा एक कागद मिळायचा, तोही इंग्रजीत. बाकी मागायला आलेल्यांना ‘अर्ज करा’, ‘उद्या या’, ‘साहेब रजेवर आहेत’ म्हणून परत पाठवणारी जी बाई खिडकीत बसायची, ती कोण होती ते सांगायला नको. म्हणजे सुना अडवून धरणारं घर आमचंच होतं आणि त्या घरची सासू मी.

मी शेवंता सिस्टरना म्हटलं, ‘‘मुक्ताचं पान उघडा.’’

सिस्टर कुजबुजल्या, ‘‘म्याडम, नियम...’’

‘‘नियमाचं मी बघते.’’

पहिल्यापासूनचं सगळं मुक्ताच्या नवऱ्याच्या मोबाइलवर पाठवलं आणि छापून तिच्या हातातही दिलं. इंजेक्शनच्या ओळीवर तिचं बोट ठेवून दाखवलं. ‘‘ही ओळ. डॉक्टर कुणीबी असू दे, आधी ही दाखवायची.’’ तिनं कागदाची घडी करून चोळीत खोवली आणि म्हणाली, ‘‘आता कुणाला फोन लावायची गरज न्हाई.’’ तेवढ्यात मागून दुसरी उठली. ‘‘म्याडम, माझं बी द्या.’’ मग तिसरी. बघता बघता रांग लागली.

वकीलसाहेबांनी माझ्याकडं लेखी खुलासा मागितला. दवाखान्याची मालमत्ता परवानगीशिवाय बाहेर का दिली? मी एका ओळीत उत्तर दिलं: ज्याची पोरगी, त्याच्या घरी गेली. त्यांनी शिस्तभंगाची भाषा केली. मी म्हटलं, कोर्टात चला, मुक्ताला साक्षीला आणते. ते काही कोर्टात गेले नाहीत. मुदतवाढीचा अर्ज मात्र नामंजूर होऊन आला.

माझा शेवटचा दिवस टोळ्या निघायच्या आदल्या दिवशीच आला. वर हॉलमध्ये निरोप समारंभ मांडला होता. हार, शाल, नारळ, आणि भाषणाला वकीलसाहेबच. खाली माझ्या खिडकीपुढं रांग जिन्यापर्यंत गेली होती. चारठाण्याच्या बाया होत्या, देवगाव फाट्यावरच्या होत्या, गठुडी सोबतच घेऊन आलेल्या. मी एकेकीचं पान उघडत होते, छापत होते, महत्त्वाच्या ओळीवर बोट ठेवून समजावत होते. आमचे जुने शिपाई रशीदमामू दुसऱ्यांदा खाली आले.

‘‘म्याडम, उप्पर बुलारे तुमकू. वकीलसाब गुस्से में हैं.’’

‘‘मामू, वर जाऊन सांगा,’’ मी मान वर न करता म्हटलं, ‘‘दारात मुराळी उभे हायेत. पोरी धाडते, अन् मग येते.’’